बंब बदलायचा की नाही?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. हा माझा मित्र आमच्या गावच्या नगरपालिकेत यंदा पहिल्यांदाच निवडून आलाय. नमस्कार-चमत्कार वगैरे काही नाही, थेट मुद्दा. "अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग, बंब नवीन घ्यायचा की जुन्याचं काम काढायचं?"

मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी सॉफ्टवेअरवाला. मला गाडीचं टायर बदलायचं म्हटलं तरी यूट्यूब लागतं. त्यावर तो म्हणाला, "ते असू दे. जुनं ठेवायचं की नवीन आणायचं, हाच तुमचा धंदा ना?"

बोलती बंद. खरंच आहे की! पंधरा वर्षांपूर्वीची सिस्टीम, लिहिणारे सगळे सोडून गेलेले, कुणी हात लावायला तयार नाही, आणि तरी रोज रात्री ती बिचारी चालतेच आहे. या विषयावरच्या मीटिंगांमध्ये माझी निम्मी नोकरी गेलीय.

आधी गावची परिस्थिती सांगतो. पालिकेकडे बंब एकच, २००८ साली घेतलेला. ओडोमीटरवर एकतीस हजारच्या आसपास किलोमीटर, म्हणजे पुण्यातली कॅब जेवढी साताठ महिन्यांत पळेल तेवढं. त्यामुळे निम्म्या सभागृहाचं म्हणणं, "गाडी तर नवीच आहे!" पण तिचं पासिंग संपलंय. २०२३ च्या जानेवारीत केंद्राची अधिसूचना निघाली, की १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होणार नाही. त्यात पालिकांच्या गाड्याही आल्या. सवलत होती ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी लागणाऱ्या खास गाड्यांना. बंबाचं नाव तिथे नव्हतं. म्हणजे कागदोपत्री आमच्या गावचा बंब मेलेला आहे. आग लागली की तो तरी जातोच, कारण दुसरा बंब अठ्ठावीस किलोमीटरवर, शेजारच्या तालुक्याला.

आणि दिवाळीत तो गेलाही होता. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. बंब वेळेत पोचला. टाकीतलं पाणी दोन-चार मिनिटांत संपलं, ते संपणारच होतं. पंचवीस पावलांवर पाण्याने भरलेली विहीर. सक्शन पाइप विहिरीत सोडला, पंप चालू केला, आणि पाणी वर येईना. पंप घरघरतोय, पाइप थरथरतोय, नोझलमधून नुसती हवा. गंजी गेली, तिच्यामागचा गोठा गेला. जनावरं सोडली होती, पण एक गाय आणि तिचं वासरू राहून गेलं. माझा मित्र तिथे उभा होता. तो म्हणाला, "पाणी दिसत होतं रे."

तर फोन ठेवल्यावर मी वाचायला बसलो. मला पंपाच्या गॅस्केटबद्दल वाचायचं होतं, पण इंटरनेटवर माझं नेहमी जे होतं तेच झालं. दुपारपर्यंत मी एकोणिसाव्या शतकात पोचलो होतो.

सुरुवात शब्दापासूनच करू. 'बंब' हा आपला शब्द आला पोर्तुगीजांकडून. त्यांच्याकडे 'बोंबा' म्हणजे पंप. पंपवाली गाडी म्हणून आगीचा बंब. पण आपण तेवढ्यावर थांबलो नाही. न्हाणीघरातलं तांब्याचं पाणी तापवायचं यंत्र, मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी, तोही बंब. लहानपणी मला हे कोडं होतं, की आग विझवतो तोही बंब आणि ज्याच्या पोटात आग असते तोही बंबच कसा? गंमत म्हणजे इतिहासात एक काळ असा होता, की हे दोन्ही बंब एकाच गाडीवर होते. पोटात आग असलेला बंब आग विझवायला निघत होता. वाफेवर चालणारा पंप! आणि तो घ्यायचा की नाही यावर दोन शहरांनी जी दोन उत्तरं दिली, त्यातच माझा रविवार गेला.

पहिलं शहर लंडन. वाफेवरचा पहिला आगीचा पंप लंडनमध्येच बनला, १८२९ साली. बनवणारे जॉन ब्रेथवेट आणि जॉन एरिकसन. रेल्वेच्या इतिहासातल्या प्रसिद्ध रेनहिल स्पर्धेत स्टीफन्सनच्या 'रॉकेट'समोर 'नॉव्हेल्टी' नावाचं इंजिन उतरवणारी जोडी ती हीच, आणि सालही तेच. १८३० च्या फेब्रुवारीत लंडनच्या आर्गाइल रूम्सला आग लागली. कडाक्याची थंडी, हातपंप गोठून बंद पडले आणि हा वाफेचा पंप मात्र सलग पाच तास पाणी मारत राहिला. डेमो म्हणाल तर याहून चांगला डेमो कुठल्याही सेल्समनला आयुष्यात मिळणार नाही.

तरीही लंडनच्या अग्निशमन दलाने पुढची तीस वर्षं जमिनीवर चालणारा वाफेचा पंप घेतला नाही.

हे वाचून पहिली प्रतिक्रिया कुणाचीही होते तीच माझी झाली. असणार कुणीतरी खडूस म्हातारा, 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणारा. नाव शोधलं: जेम्स ब्रेडवुड. आणि तिथे माझी चूक झाली हे कळलं, कारण हा माणूस आधुनिक अग्निशमनाचा जवळजवळ जनक आहे. १८२४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो एडिंबरोच्या नव्या पालिका अग्निशमन दलाचा प्रमुख झाला. आगीशी लढायचं कसं यावर १८३० मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. १८३३ मध्ये लंडनच्या दहा विमा कंपन्यांनी आपापली छोटी दलं एकत्र केली, ८० माणसं आणि १९ ठाणी, आणि त्यांचा प्रमुख म्हणून याला बोलावलं.

त्याचे हातपंप कसे होते ते आधी बघा. दोन्ही बाजूंना लांब दांडे, मोठ्या पंपाला पंचवीस-तीस माणसं एकदम लागायची. वर-खाली, वर-खाली. इतकी माणसं दलात कुठून असणार? तर रस्त्यावरच्या बघ्यांनाच कामाला लावायचे. पहिल्या तासाला एक शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला सहा पेन्स, आणि वर बिअर. बिअर यायला उशीर झाला की पंपावरची मंडळी दांडे सोडून बिअरच्या नावाने ओरडायला लागत. आपल्याकडे मिरवणुकीत ढोल थांबतो ना, तसंच :-)

मग अशा कारभारात ब्रेडवुडला वाफ का नको होती? त्याचं पहिलं म्हणणं असं, की आग विझवायची तर आत शिरलं पाहिजे. पाण्याची धार ज्वाळांवर नाही, जळणाऱ्या वस्तूवर पडली पाहिजे. हातात जोरदार पंप आला की माणसं लांबून, रस्त्यावरूनच, खिडकीत पाणी मारणार आणि आतली आग तशीच राहणार. यंत्र जितकं ताकदवान तितकी माणसं आळशी. (हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे. पण आमच्या ऑफिसात सर्व्हर स्लो झाला की कोड बघायच्या आधी 'रॅम वाढवा' म्हणणारे आठवले.)

दुसरं म्हणजे पाणी. लंडनचं पाणी तेव्हा खासगी कंपन्यांच्या ताब्यात होतं आणि चोवीस तास येत नसे. रस्त्याखालच्या नळाला लाकडी बूच असे. आग लागली की आधी कंपनीचा पाणी सोडणारा माणूस शोधा, मग बूच काढा, मग जे येईल ते पाणी साठवा आणि त्यातून पंप चालवा. ब्रेथवेटचं यंत्र ताशी तीस-चाळीस टन पाणी फेकायचं. ते आणायचं कुठून? पंप मोठा केला म्हणून नळ मोठा होत नाही.

म्हणजे त्याचा विरोध वाफेला नव्हताच. याचा पुरावाही आहे. थेम्स नदीवर दलाचे तरंगते पंप होते, होडीवर बसवलेले. त्यातला एक १८५२ साली ब्रेडवुडनेच वाफेवर करून घेतला. नदीत पाण्याला काय तोटा! जिथे पाणी होतं तिथे त्याने वाफ घेतली, जिथे नव्हतं तिथे नाही. मला हा माणूस आवडायला लागला होता.

पण एक गोष्ट ब्रेडवुडच्या हातात नव्हती. दल विमा कंपन्यांचं. पैसे त्यांचे, त्यामुळे हिशोबही त्यांचा. १८३४ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश संसदेची इमारत जळाली, तेव्हाही हेच खासगी दल धावलं. त्या आगीचं कारण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सरकारी हिशोब ठेवायच्या जुन्या, खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या होत्या. पद्धत बंद पडली, काठ्या तळघरात साचून राहिल्या. कुणीतरी ठरवलं की आता हा जुना डेटा काढून टाकू. दोन गाड्या भरून काठ्या भट्टीत घातल्या, धुराड्यं तापली आणि संसद गेली! बॅकअप न घेता डिलीट मारणाऱ्यांनी हा प्रसंग फ्रेम करून लावावा. आगीनंतर 'शहराचं सार्वजनिक दल हवं' अशी चर्चा झाली, आणि चर्चाच झाली. विमा कंपन्या फुकटात काम करतायत तर पालिकेने, सरकारने खर्च कशाला करा?

आता दुसरं शहर. अमेरिकेत ओहायो नदीकाठचं सिनसिनाटी. १८५० च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख १५ हजार. अमेरिकेच्या हिशोबात तेव्हा ते मोठं शहर होतं, आपल्या हिशोबात एखादं तालुक्याचं ठिकाण. डुकराच्या मांसाचा मोठा धंदा, गोदामं, लाकडी इमारती. आग विझवायला स्वयंसेवकांची मंडळं. 'मंडळं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तुम्ही आपल्या गणेश मंडळांची आठवण काढा: प्रत्येकाचा रंग, प्रत्येकाचं नाव, कोपऱ्यावरचा अड्डा, निवडणुकीत कुणाच्या मागे उभं राहायचं याचे हिशोब, आणि शेजारच्या मंडळाशी खानदानी वैर. न्यूयॉर्कचा कुप्रसिद्ध 'बॉस' ट्वीड राजकारणात वर आला तो अशाच एका बंब-मंडळाचा नाईक म्हणून. त्या मंडळाच्या पंपावर वाघाचं चित्र होतं. तोच वाघ पुढे त्याच्या पक्षयंत्रणेचं चिन्ह होऊन बसला.

आगीवर आधी कोण पोचतं याची शर्यत लागायची आणि शर्यतीची मारामारी व्हायची. १८५१ मध्ये सिनसिनाटीत एका लाकूड-कारखान्याला आग लागली. दोन मंडळं आधी आपापसात भिडली. मग येतील ती मंडळं पाणी मारायचं सोडून मारामारीतच उतरत गेली आणि कारखाना शांतपणे जळून गेला. डझनभर मंडळं त्यात होती असं सांगतात. आकडा वाढवलेला असेल, पण कारखाना जळाला तो जळाला.

याच गावात अलेक्झांडर लॅटा नावाचा इंजिनं बनवणारा कारागीर आणि एबल शॉक नावाचा त्याचा जोडीदार वाफेच्या पंपाच्या मागे लागले होते. वाफेच्या पंपाची खरी अडचण काय, तर वाफ व्हायला वेळ लागतो. आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचंच बघा ना, पेटवल्यावर पाणी कढत व्हायला अर्धा तास. तोवर घर जळून जाईल. लॅटाने काय केलं, तर भांडं भरून पाणी तापवण्याऐवजी वेटोळ्यासारखी नळी आगीत ठेवली. नळी आधी कोरडीच तापवायची आणि मग तिच्यात थोडं थोडं पाणी हातपंपाने सोडायचं. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखी लगेच वाफ! १८५२ च्या चाचणीत गार पाण्यापासून नोझलमधल्या धारेपर्यंत पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

जोसेफ रॉस नावाच्या नगरसेवकाने हा विषय कौन्सिलमध्ये लावून धरला. यंत्राला शेवटी त्याचंच नाव पडलं: 'अंकल जो रॉस'. १ जानेवारी १८५३ ला ते लोकांना दाखवलं. भलं थोरलं धूड, मागे दोन चाकं, पुढे एक, ओढायला चार घोडे, आणि एका वेळी अनेक धारा. आणि बरोबर तीन महिन्यांनी, १ एप्रिल १८५३ रोजी, सिनसिनाटीने मंडळांच्या जागी पगारी दल उभं केलं. दलाचा प्रमुख माइल्स ग्रीनवुड, शहरातल्या मोठ्या लोखंडी कारखान्याचा मालक. मंडळांना हे यंत्र म्हणजे आपल्या मुळावर आलेली अवदसा वाटत होती. ते फोडतील ही भीती खरी होती, आणि ग्रीनवुडने रखवालीला स्वतःची दांडगी माणसं ठेवली होती म्हणतात. नव्या यंत्राचे फायदे कोणते असं त्याला कुणीतरी विचारलं, तेव्हा त्याने जे सांगितलं त्याचा मतलब असा: ते दारू पिऊन येत नाही, विटा फेकून मारत नाही, वाईट एवढंच की ते मतदान करत नाही.

मला वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली या उत्तरात आहे. ग्रीनवुडने यंत्राचं कौतुक करताना दाब सांगितला नाही, धारेची उंची सांगितली नाही. सिनसिनाटीला पंप बदलायचा नव्हताच, सिनसिनाटीला माणसं बदलायची होती. हातपंपाला शेकडो हात लागतात म्हणून मंडळं लागतात, मंडळं आहेत म्हणून त्यांचं राजकारण आहे. शेकडो हातांचं काम मूठभर माणसं आणि एक बॉयलर करू लागला की त्या शेकड्यांना 'धन्यवाद' म्हणता येतं. न्यूयॉर्कमध्ये पॉल हॉज नावाच्या इंजिनिअरने १८४१ मध्येच वाफेचा पंप बनवून दिला होता, पैसेही विमा कंपन्यांनीच घातले होते. तिथल्या मंडळांनी तो चालू दिला नाही आणि यंत्र शेवटी एका खोकी बनवणाऱ्या कारखान्याला विकलं गेलं. यंत्रात खोट नव्हती. ते घ्यायला कौन्सिलमध्ये कुणी रॉस नव्हता आणि चालवायला कुणी ग्रीनवुड नव्हता. न्यूयॉर्कचं पगारी दल यायला १८६५ उजाडलं, फिलाडेल्फियाचं १८७१.

लंडनकडे परत. १८६० मध्ये ब्रेडवुडने अखेर जमिनीवरचा एक वाफेचा पंप भाड्याने आणून बघितला. पायलट प्रोजेक्टच म्हणा. आणि २२ जून १८६१, शनिवारी, थेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. ताग, कापूस, चरबी, चहा, मसाले, म्हणजे सगळ्या साम्राज्यातून आलेला माल. गोदामांमधली लोखंडी दारं बंद असायला हवी होती, ती उघडी राहिली होती. दमलेल्या आपल्या माणसांना ब्रँडीचा घोट देत ब्रेडवुड फिरत होता, आणि एक भिंत कोसळली. त्याचं शरीर बाहेर काढायला दोन दिवस लागले. आग पूर्ण विझायला दोन आठवडे. नुकसान वीस लाख पौंडांच्या घरात.

आयुष्यभर 'आत शिरा, जवळ जा' सांगणारा माणूस जवळ जाऊनच गेला. चार वाफेचे पंप जास्त असते तर तो वाचला असता का? मला नाही वाटत. गोदामांची दारं उघडी होती, पंप त्याला काय करणार? पण पुढे जे घडलं ते बघण्यासारखं आहे. विमा कंपन्यांनी प्रीमियम वाढवले आणि सरकारला कळवलं की आता हा खर्च आम्हाला झेपणार नाही, तुमचं शहर तुम्ही सांभाळा. १८६५ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी १८६६ पासून लंडनला सार्वजनिक दल मिळालं. आणि मग वाफेचे पंप भराभर आले. म्हणजे इथेही तेच. यंत्र ३६ वर्षं तयार होतं. थांबलं होतं ते 'पैसे कुणी द्यायचे' या प्रश्नाचं उत्तर.

बॉस्टनची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती आमच्या धंद्यातल्या लोकांनी विसरू नये अशी आहे. १८७२ पर्यंत तिथे वाफेचे पंप होते, पगारी दल होतं, सगळं आधुनिक. त्या वर्षी घोड्यांची साथ आली. निम्मं उत्तर अमेरिका घोड्याविना. ९ नोव्हेंबरच्या रात्री आग लागली तेव्हा ते जडशीळ पंप माणसांनी दोर लावून ओढत नेले. जळाल्या ७७६ इमारती. पुढे चौकशीत दिसलं की घोडे नसल्यामुळे झालेला उशीर काही मिनिटांचाच होता. खरी रड पाण्याच्या अरुंद नळांची. दलाचा प्रमुख जॉन डॅमरेल त्याबद्दल आधीपासून कानीकपाळी ओरडत होता.

आपल्या मुंबईनेही आगीचा धडा फार आधी घेतला. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टचा मोठा भाग जळाला, त्यानंतर किल्ल्याबाहेरचं मैदान रुंद केलं गेलं. आग विझवण्याचं काम बरीच वर्षं पोलिसांकडे होतं, मग पालिकेकडे आलं. घोडे जाऊन मोटारी आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. आणि १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमधल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र. दलाचे ६६ जण गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन. आमच्या गावात त्या दिवशी बंब धुऊन, हार घालून पालिकेसमोर उभा करतात. शाळेत असताना आम्ही त्याची घंटा वाजवायला रांग लावायचो. तो अर्थात याच्या आधीचा बंब.

एवढं वाचून झाल्यावर संध्याकाळी मित्राला फोन केला. त्याला टूली स्ट्रीटशी काही देणं-घेणं नव्हतं. "निष्कर्ष सांग."

मी म्हटलं, पहिली गोष्ट, किलोमीटर विसर. बंब जितका चालतो त्याहून जास्त उभ्या उभ्या काम करतो. इंजिन तेच, पण ताकद चाकांऐवजी पंपाला. तासन् तास. तो हिशोब ओडोमीटरवर येतच नाही, पंपाचे तास वेगळे लिहावे लागतात. उभ्या गाडीचंही वय होतं: टाकीला आतून गंज, रबराच्या वॉशरना भेगा. अमेरिकेतली एनएफपीए ही मानकं ठरवणारी संस्था सुचवते, की पंधरा वर्षांनंतर बंब पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवावा आणि पंचवीस वर्षांनी निवृत्त करावा. पंधराचा आकडा आपलाही आहे आणि त्यांचाही, फरक 'राखीव' या शब्दाचा. आपल्या नियमात पंधरा म्हणजे संपलं. आणि ज्या गावात बंबच एक, तिथे राखीव म्हणजे काय? शून्य.

"मग नवीनच घ्यायला लागणार."

"घ्यायलाच लागणार. पण विहिरीतून पाणी का आलं नाही ते कळलं का तुला?"

त्याने चौकशी केली होती. पाणी खेचायचं तर आधी पाइपातली आणि पंपातली हवा काढावी लागते. कुठे केसाएवढी फट असली की पंप हवाच ओढत बसतो, पाणी वर चढत नाही. सक्शनच्या जोडातला वॉशर कडक होऊन चिरला होता. वॉशरची किंमत विचारू नका, लाज वाटेल. पण वॉशर बघायचा कुणी? मंजूर पदं जेवढी, त्याच्या निम्मीही भरलेली नाहीत. बंबावर ड्रायव्हर दोन, एक कायम, एक कंत्राटी. विहिरीवरून पाणी खेचायचा सराव शेवटचा कधी झाला होता हे रजिस्टरमध्ये नाही, कारण रजिस्टर नाही.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांच्या कामांत आहे. म्हणजे उद्या कुणी दुसरा येऊन हे करणार नाही. पण सभेतलं गणित वेगळं. नव्या बंबाच्या पैशात दोन वॉर्डांचे पेव्हर ब्लॉक होतात, आणि पेव्हर ब्लॉक रोज दिसतात. मित्राला भीती अशी, की वादावादीनंतर बंब मंजूर होईल, लाल रंगाचा, चकचकीत, फीत कापून, आणि रात्री दोन वाजता तो चालवणारा तोच एक कंत्राटी मुलगा असेल. चार वर्षांनी त्याचाही वॉशर चिरलेला असेल.

मग आम्ही दोघांनी मिळून प्रस्ताव लिहिला. माझा सहभाग टायपिंगपुरता. नवीन बंब, त्याच ठरावात फायरमनची पदं भरण्याची मागणी, दर महिन्याला विहिरीवर सराव आणि पंपाच्या तासांचं रजिस्टर. मित्र म्हणाला, "बंबाला हात वर होतील. पदांना होणार नाहीत. वेगवेगळे ठराव करू का?" मी नको म्हटलं. एकत्रच ठेव. सिनसिनाटीत जो रॉस आणि ग्रीनवुड एका वर्षात आले म्हणून जमलं. आता तो मला रॉस म्हणतो की स्वतःला, ते कळत नाही.

सभा पुढच्या मंगळवारी आहे. परवा त्याने फोटो पाठवला. जुना बंब पालिकेच्या आवारात नाही, आवाराबाहेर रस्त्याच्या उतारावर उभा आहे, चाकांना दगड लावून, तोंड खालच्या बाजारपेठेकडे. बॅटरी कधीकधी दगा देते. दगड काढले की गाडी आपोआप उतरायला लागते आणि दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की चालू होते. सक्शनचा वॉशर मित्राने स्वतःच्या खिशातून बदललाय.